तक्त्यावर नसलेला शब्द

आमच्या वर्गखोलीतल्या लोखंडी कपाटात वरच्या फळीवर पुठ्ठ्याचा एक जुना तक्ता आहे. कडा उसवलेल्या, वर चिकटवलेले प्लास्टिक पिवळे पडलेले. त्यावर सोळा चित्रे आहेत. पाणी, भात, दूध, चहा, लघवी, संडास, झोप, पंखा, टीव्ही, बाहेर, आई, बाबा, पोट दुखते, हो, नाही आणि एक हसरा चेहरा. २००२ साली आम्ही दोघांनी रात्री जागून तो तयार केला होता. चित्रे बाजारातल्या तक्त्यांवरून कापली, खळ लावून चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानाने एका सहा वर्षांच्या मुलासमोर ठेवली.

तो आमचा पहिला न बोलणारा विद्यार्थी. सेरेब्रल पाल्सी. जन्मल्यावर रडायला उशीर झाला, असे त्याची अम्मी सांगे. हातपाय स्वतःच्या मर्जीने कुठेही जात, मान एका बाजूला पडे, जिभेवर ताबा नव्हता. शब्द म्हणून काही तोंडातून उमटत नसे. पण कान तल्लख. गल्लीच्या तोंडाशी अब्बांच्या सायकलची घंटी वाजली की घरातल्या सगळ्यांच्या आधी त्याला कळे. तो हसू लागला की अम्मी चहाचे आधण ठेवायला उठे.

आम्ही नवरा-बायको. एकाची नोकरी मराठी प्राथमिक शाळेत झाली, दुसरीने विशेष शिक्षणाची पदविका घेतली. सोलापुरातल्या एका मोहल्ल्यात दोन खोल्यांच्या वर्गात आम्ही अशी मुले शिकवत आलो. मुले आम्हाला 'सर' आणि 'आपा' म्हणतात. म्हणजे ज्यांना बोलता येते ती म्हणतात.

त्या मुलाला आम्ही सहा वर्षे तो तक्ता शिकवला. पाणी हवे की तो पाण्याच्या चित्राकडे पाही. पंखा हवा की पंख्याकडे. घरचे खूश, आम्ही खूश. एक मात्र होते, आईच्या चित्राकडे तो कधीच पाहत नसे. चित्रातली आई नऊवारीतली, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा. त्याची अम्मी सलवार-कमीज घाले, डोक्यावर ओढणी घेई आणि बाहेर निघताना बुरखा. आम्ही नोंदवहीत लिहिले, 'आई ही संकल्पना अद्याप स्पष्ट नाही.' आज ते पान उघडले की मान खाली जाते. संकल्पना त्याची स्पष्ट होती. आमची नव्हती.

२००८च्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. बारा वर्षांचा होता. चार दिवसांत गेला. दफन करून आलो तेव्हा वर्गात तो तक्ता खुर्चीला टांगलेलाच होता. त्या संध्याकाळी आम्ही दोघे त्याच्याकडे बघत बसलो आणि प्रथमच एक गोष्ट लक्षात आली. सोळा चौकोनांत त्या मुलाचे नाव कुठेच नव्हते. सहा वर्षांत आम्ही त्याला ना त्याचे नाव वाचायला शिकवले, ना एक अक्षर. त्याच्या मनात काय होते, यातले आम्हाला फक्त सोळा चित्रांपुरते कळले. आणि ती सोळाही आम्हीच निवडलेली.

अक्षरे का शिकवली नाहीत? कारण आमची समजूत तशी होती. आधी मूल बोलते, मग वाचते, मग लिहिते. ही शिडीच आम्हाला शिकवलेली. ज्याला 'क' म्हणता येत नाही त्याला 'क' कसा शिकवायचा? पेन्सिल धरता येत नाही तर लिहायचे कशाने? आणि मनात खोल एक गोष्ट होती, ती आम्ही कोणाजवळ बोललो नाही. याला वाचून करायचे काय, असेही आम्हाला वाटत होते.

नंतर आम्ही हात-पाय मारू लागलो. मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, हे अभ्यासक्रमात वाचलेले होते. त्यांची मुलगी मालिनी छिब सेंट झेवियर्समध्ये शिकली आणि एका बोटाने टाइप करत 'वन लिटल फिंगर' हे आत्मकथन लिहिले, हे पुढे कळले. स्टीफन हॉकिंग यांचे यंत्रातून बोलणे सर्वांना ठाऊक आहे. पण १९८५ साली श्वासनलिकेवरच्या शस्त्रक्रियेने त्यांचा उरलासुरला आवाज गेला तेव्हा त्यांच्याकडे यंत्र नव्हते. अक्षरांच्या कार्डावर कोणीतरी बोट फिरवी आणि हव्या त्या अक्षरावर ते भुवई उचलत. हे वाचले त्या दिवशी आम्हाला झोप आली नाही. भुवई तर आमच्या मुलालाही उचलता येत होती. फरक इतकाच की हॉकिंगना अक्षरे आधीपासून येत होती आणि आमच्या मुलाला ती कोणी दिली नव्हती. यंत्र, तक्ता, पुठ्ठा ही सगळी पुढची गोष्ट. अक्षर नसेल तर लाखाचे यंत्रही दुसऱ्याने भरलेलेच शब्द बोलणार.

अमेरिकेत कॅरन एरिक्सन आणि डेव्हिड कोपेनहेव्हर, जॅनिस लाइट आणि डेव्हिड मॅकनॉटन या मंडळींनी हेच काम अनेक वर्षे केले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आम्हाला समजलेला गाभा साधा आहे. वाचायला शिकण्यासाठी तोंडातून आवाज काढावा लागत नाही, कानाने ऐकलेला आवाज मनात वाजावा लागतो. आणि पेन्सिल म्हणजे लाकडाची कांडीच असली पाहिजे असे नाही. ज्या साधनाने मूल अक्षर निवडते ती त्याची पेन्सिल. पण त्यांचे सगळे काम सव्वीस अक्षरांच्या लिपीवर. आमची बाराखडी, काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे यांचे काय करायचे, ते आम्हालाच शोधावे लागणार होते.

२०११ साली सात वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आली. अब्बा यंत्रमागावर, अम्मी घरी विड्या वळणारी. मुलीला बोलता येत नव्हते, हात चालत नव्हते, पण डोळे नुसते भिरभिरत. 'हौ' म्हणायचे असेल तर ती नजर वर छताकडे नेई, 'नक्को' म्हणायचे असेल तर मान डावीकडे टाकी. हे तिला कोणी शिकवले नव्हते. अम्मीने आणि तिने मिळून ते घरीच ठरवून टाकले होते. चित्रांचा तक्ता आम्ही तिलाही केला. पहिल्यासारखे सोळाच चौकोन नाहीत, आणि आईच्या जागी तिच्या अम्मीचाच फोटो लावला. 'अजून', 'थांब', 'का', 'मी', 'तू', 'माझे', 'आवडत नाही' असे रोज दहा ठिकाणी लागणारे शब्दही घातले. आणि यावेळी पहिल्याच आठवड्यात अक्षरे समोर ठेवली.

वर्णमालेकडे आम्ही आयुष्यभर पाहिले होते, पण ती इतक्या उपयोगाची आहे हे तेव्हा कळले. क, च, ट, त, प हे पाच वर्ग आणि प्रत्येकात पाच अक्षरे. आधी ओळ विचारायची, मग ओळीतले अक्षर विचारायचे. जणू न बोलणाऱ्या मुलासाठीच कोणी हे कोष्टक मांडून ठेवले आहे. 'द' हवा असेल तर, "क-ची ओळ? च-ची? ट-ची? त-ची?" इथे नजर वर जाते. मग "त? थ? द?" पुन्हा नजर वर. झाले अक्षर. ङ आणि ञ यांची मराठीत एकटी अशी गरज जवळजवळ पडत नाही. त्या दोन घरांत आम्ही 'चुकले, पूस' आणि 'शब्द संपला' या दोन खुणा बसवल्या. खाली य, र, ल, व. त्याखाली श, स, ह, ळ. आणि शेवटी काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार यांची ओळ. ऱ्हस्व-दीर्घाचा वाद पहिली दोन वर्षे आम्ही घातलाच नाही. एकच वेलांटी, एकच उकार. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि कानाला नंतर ऐकू येते, यात बोलणारी मुलेही अडकतात. इथे ती अडचणच नव्हती. आधी क, मग वेलांटी, जसे ऐकू येते तसे. जोडाक्षरासाठी 'पाय मोडका' अशी एक खूण पुढे वाढवली.

हा तक्ता घरी गेला आणि खरी शाळा तिथे सुरू झाली. अम्मीच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू. हजार विड्या झाल्याशिवाय दिवसाची मजुरी हाती पडत नाही, मग तक्ता धरणार कोण? अम्मीने तो भिंतीला टांगला आणि ओळी पाठ करून टाकल्या. हात विड्या वळत, तोंड "क? च? ट?" म्हणे आणि डोळे अधूनमधून मुलीकडे. ती बाई चौथीत शाळा सोडलेली. मुलीला अक्षरे देता देता तिची स्वतःची विसरलेली अक्षरे परत आली.

पहिले वर्षभर मुलगी काहीही अक्षरे निवडे. म ठ ळ, ह ह व. बघणाऱ्याला वाटे, हा पोरखेळ आहे. पण बोलणारे मूल आधी वर्षभर बडबडते, हातात खडू आला की भिंतभर रेघोट्या ओढते, तेव्हा आपण त्याला चूक म्हणत नाही. हिच्या रेघोट्या अशा होत्या. आम्ही ती अक्षरे वहीत उतरवायचो आणि वाचून दाखवायचो, "मठळ! वा!" ती खळखळून हसे.

वाचनाची परीक्षा कशी घ्यायची, हा दुसरा प्रश्न. मोठ्याने वाच म्हणता येत नाही. एक ओळ मोठ्याने आम्ही वाचायचो, पुढची ओळ 'मनात वाच' म्हणून गप्प बसायचो. मग चिठ्ठ्या केल्या. एकदा काही न बोलता 'डोळे मीट' अशी चिठ्ठी तिच्यासमोर धरली. खोलीत कोणी आवाज केला नाही. तिने चिठ्ठीकडे पाहिले, बराच वेळ पाहिले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनी ती हसत होती. आमच्यातल्या एकाला खोलीबाहेर जावे लागले.

भाषेचा गुंता इथे आपल्या वाचकांना सांगायलाच हवा, कारण तो आपल्या घरांचा आहे. तिच्या घरी दखनी, शाळेत मराठी, मकतबात उर्दू आणि अरबी. विशेष शाळांमध्ये पालकांना सर्रास सांगितले जाई, मुलाला आधीच त्रास आहे, घरात एकच भाषा बोला. म्हणजे ज्या भाषेत अम्मी लाड करते, अब्बा रागावतात, दादी गोष्टी सांगते, तीच बंद करा! आम्हीही पूर्वी हा सल्ला दिला आहे. त्याची लाज वाटते. अक्षरे आम्ही देवनागरीच शिकवली, कारण पाठ्यपुस्तक त्या लिपीत होते आणि आम्हाला ती नीट शिकवता येत होती. पण त्या अक्षरांत भाषा कोणती लिहायची, हे तिच्यावर सोडले. तिने 'पानी' लिहिले, आम्ही 'पाणी' असे दुरुस्त केले नाही. तिच्या घरात ते पानीच आहे.

दादीची इच्छा वेगळी होती. नातीने कुरआन वाचावा. मोहल्ल्यातले कोणी म्हणत, जिला जबानच नाही तिच्यावर सक्ती नाही, कशाला त्रास देता? आम्हालाही अडखळायला झाले. 'इकरा' या शब्दाचा अर्थ वाच असाही आहे आणि मोठ्याने पठण कर असाही. ज्याच्याकडे आवाज नाही त्याने यातले काय करायचे? मौलवीसाहेबांनी यावर प्रवचन दिले नाही. त्यांनी आमच्याकडे येऊन तासभर पाहिले. दुसऱ्या दिवशी मकतबात पाटीच्या चार कोपऱ्यांत चार हर्फ लिहून पाटी तिच्यासमोर धरली आणि विचारले, "बे कहाँ है, बेटा?" तिची नजर बे वर गेली. बाकीची पोरे ओरडली, "बराबर!" त्या दिवसापासून ती कायदा घेऊन पोरांच्या ओळीत बसू लागली. इतर पोरे आवाजाने, ही नजरेने.

२०१४च्या उन्हाळ्यात ती दहा वर्षांची होती. दोन आठवडे ती रात्रंदिवस रडत होती. जेवण तोंडाशी नेले की मान डावीकडे. चित्रांच्या तक्त्यावर विचारले तर 'दुखते' याकडे पाही. पुढे शरीराची चित्रे होती: पोट, डोके, हात, पाय, कान. प्रत्येकाला नक्को. शेवटी दमून ती 'पोट' याला हौ म्हणाली असावी. डॉक्टरांनी पोटाचे औषध दिले, मग जंताचे. दादीने नजर उतरवली. रडणे थांबेना.

एका दुपारी अम्मी तिला वर्गात घेऊन आली. आम्ही अक्षरांचा तक्ता पुढे घेतला. त-ची ओळ, द. मग शेवटची ओळ, काना. मग ट-ची ओळ, ड. 'दाड.' आणि आम्ही, शिकलेसवरलेले दोघे, काय म्हणालो? "दाढी? अब्बांची दाढी?" अम्मी हसली, आम्ही हसलो. मुलीचा चेहरा रागाने लाल झाला. तिने मान झटकली आणि पुन्हा द, काना, ड. पुन्हा 'शब्द संपला'. आम्ही पुढे वेलांटी लावून शब्द वाढवत होतो आणि ती सांगत होती की माझा शब्द इथेच संपला आहे.

दाढ. घरच्या बोलीत दाड.

तोंड उघडून बॅटरी धरली. मागची दाढ काळी पडून किडली होती, हिरडी टरारून सुजली होती. आमच्या तक्त्यावर पोट होते, डोके होते, दाढ नव्हती. आम्ही कितीही चित्रे वाढवली असती तरी काही ना काही राहिलेच असते, कारण दुसऱ्याला कुठे दुखेल याची यादी आपल्याला आधी करता येत नाही. तीन अक्षरांनी ते काम केले. त्या दिवशी आम्हाला तो पहिला मुलगा आठवला. न्यूमोनियाच्या त्या चार दिवसांत तो 'पोट दुखते' याकडे पाहत होता. त्याला काय सांगायचे होते, कोण जाणे.

दाढीच्या प्रसंगानंतर आम्ही एक नियम केला. तिचा शब्द आपण पूर्ण करायचा नाही. अंदाज सांगायचाच असेल तर विचारून सांगायचा, आणि तिने नक्को म्हटले की गप्प बसायचे. उत्तराची वाट पाहताना मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे. शिक्षकाला गप्प बसणे फार जड जाते. वाचकांनी एकदा करून पाहावे.

आणि नियम आम्हीच मोडला. एकदा पाहुणे आले होते. वर्गाला मदत करणारी मोठी माणसे. सगळे तिच्याभोवती जमले. तिने पहिले अक्षर निवडले, ध. आम्हाला राहवले नाही. "धन्यवाद म्हणते आहे!" टाळ्या वाजल्या. कोणीतरी फोटो काढला. तिने मान डावीकडे टाकली होती, ती फोटोत नीट दिसते. पाहुणे गेल्यावर तक्ता पुन्हा धरला. ध, उकार, प. धूप. खिडकीतले ऊन सरळ तिच्या डोळ्यांवर येत होते आणि पाऊण तास ते कोणाला दिसले नव्हते.

म्हणून एका गोष्टीबद्दल आम्ही कडक आहोत. काही ठिकाणी मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून टाइप करून घेतात, किंवा अक्षरांचा तक्ता हातात धरून तो हलवत शब्द 'काढून' घेतात. कालपर्यंत एक शब्द न बोललेले मूल एकदम भारदस्त वाक्ये लिहू लागते. आईबापांच्या डोळ्यांत पाणी येते. हात धरण्याच्या पद्धतीची परीक्षा अमेरिकेत १९९० च्या दशकात झाली. मुलाला एक चित्र दाखवले आणि हात धरणाऱ्याला दुसरे. कागदावर आले ते हात धरणाऱ्याने पाहिलेले. म्हणजे शब्द मुलाचे नव्हतेच. धरणारे लबाड होते असेही नाही, त्यांना स्वतःला ते कळत नव्हते. अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली हात धरण्याच्या आणि तक्ता समोर धरून शब्द काढण्याच्या, दोन्ही पद्धती वापरू नका असे स्पष्ट सांगितले. आम्ही 'धन्यवाद' केले ते याच जातीचे होते. म्हणून आम्ही मुलाच्या हाताला हात लावत नाही, तक्ता भिंतीला टांगतो, आणि अधूनमधून अशी गोष्ट विचारतो जिचे उत्तर फक्त मुलाला ठाऊक असते. अम्मीने सकाळी डब्यात काय दिले, ते आम्ही पाहिलेले नसते. उत्तर चुकले तरी चालेल. ते तिचे असले पाहिजे.

आता दिवस बदलले आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' फोनवर फुकट मिळते आणि मराठीत बोलते. चेन्नईत तयार झालेले 'आवाज' आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याने संवादाच्या व्याख्येत अशा पर्यायी साधनांचा समावेश केला आणि १७व्या कलमात शिक्षणात त्यांचा वापर वाढवण्याची जबाबदारीही घातली. हे सगळे चांगले आहे. पण यंत्र विकत घेऊन मुलापुढे ठेवले की काम झाले, ही नवी समजूत आम्हाला दिसते. एक अब्बा कर्ज काढून टॅब घेऊन आले. त्यात शेकडो चित्रे. मुलाला अक्षर एकही नाही आणि घरात त्या टॅबवर बोट ठेवून त्याच्याशी कोणी बोलत नाही. बोलणाऱ्या मुलाशी आपण वर्षभर बोलतो, तेव्हा त्याचा पहिला शब्द येतो. यालाही त्याच्या भाषेत आधी कोणीतरी बोलून दाखवायला नको का?

ती मुलगी आता विशीत आहे. चमत्कार झाला असे कोणी समजू नये. सातवीपर्यंत ती एका शाळेत गेली, पुढे जिने आणि परीक्षेचे नियम आडवे आले. ती अगदी सावकाश लिहिते, एक वाक्य व्हायला पाच-सात मिनिटे लागतात. चौथीचे पुस्तक आरामात वाचते, वर्तमानपत्रातले मथळे वाचते, बातमी पूर्ण वाचायला कंटाळते. गुलबर्ग्याच्या फुफूला फोनवर निरोप पाठवते. अक्षरे ती निवडते, बटणे धाकटा भाऊ दाबतो. भावाने मधे स्वतःचे काही घुसवले की तिचा आवाज गल्लीपर्यंत ऐकू येतो. विड्या मोजून घेणाऱ्याने एकदा हिशेबात शंभर कमी धरल्या, ते तिनेच अम्मीला लिहून सांगितले. आणि मागच्या ईदला आम्ही शीरखुर्मा खायला गेलो, नेहमीसारखे तिला दहा प्रश्न विचारले, तेव्हा तिने दहा मिनिटे घेऊन आम्हाला एकच वाक्य लिहिले, 'तुमे दोनो भोत बोलते.' अम्मी ओशाळली. आम्ही ते वाक्य वर्गाच्या भिंतीवर लावले आहे.

या जूनमध्ये चार वर्षांचा एक मुलगा आला. त्याच्या अम्मी-अब्बांना आम्ही आधी कपाटातला तो जुना तक्ता काढून दाखवला, आणि त्याचा सगळा किस्सा सांगितला. मग मुलाच्या खुर्चीसमोर चित्रांच्या शेजारी अक्षरांचा तक्ता टांगला आणि सर्वांत वर मोठ्या अक्षरांत त्याचे नाव लिहिले.

आपल्या मोहल्ल्यात, नात्यात असे मूल असेल. आतल्या खोलीत, खाटेवर. लोक येतात, त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, दुआ देतात आणि त्याच्याच समोर त्याच्या अम्मीला विचारतात, "इसे समजता क्या?" वाचकहो, पुढच्या वेळी गेलात तर तो प्रश्न त्याच्या अम्मीला विचारू नका. सलाम मुलाला करा, त्याचे हौ आणि नक्को कसे असते ते विचारून घ्या, आणि एक गोष्टीचे पुस्तक घेऊन जा. शेजारी बसून अक्षरावर बोट ठेवत वाचा. आणि काही विचारलेत, तर मनात वीसपर्यंत आकडे मोजा.